कोंबड्या खुराड्यात जायला का तयार नाहीत, तिथून सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात असा: अंबाजोगाई तालुक्यातल्या एका ताईंकडे सात गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. त्यातली दोन वर्षांची एक कोंबडी चार दिवसांपासून पिसं फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसते. हिरवं पातळ हगते, दाण्याला तोंड लावत नाही, तुरा पांढुरका पडलाय. बाकीच्या खातात-पितात, पण रोजची चार-पाच अंडी दोनावर आली. शेजारणीने मानमोडी आहे असं सांगितलं, म्हणून ताईंनी मेडिकलमधून आणलेल्या कॅप्सूलची पूड पाण्यात कालवून चोचीत ओतली. तेव्हापासून कोंबडीची छाती घरघरते. शेवटी सहज लिहिलंय की पंधरा दिवसांपासून सगळ्याच कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात जायला ऐकत नाहीत, अंगणातल्या कडुलिंबावर चढून बसतात. आता कोणतं औषध द्यावं, हा त्यांचा प्रश्न.

ताई, तुम्ही जे सहज लिहिलंत तेच मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. औषधाचं नंतर बोलू. सत्तावीस वर्षं मी या भागात गावोगाव कोंबड्या बघतोय, आणि जिथे जिथे कोंबड्यांनी स्वतःचं खुराडं सोडलं तिथे पहिला संशय मी खुराड्यावरच घेतो.

पण आधी आजचं काम. चोचीत काहीही ओतणं लगेच थांबवा. कोंबडीचं तोंड उघडून बघितलंत तर जिभेच्या मुळाशी एक छोटी फट दिसेल, श्वास घेताना उघडते, मिटते. ती श्वासनळी. आपण मान वर करून पातळ औषध ओततो तेव्हा ते थेट तिच्यात उतरतं. तुमच्या कोंबडीची घरघर त्यातूनच आली असावी, कारण ती आधी नव्हती असं तुम्हीच लिहिलंय. पाणी पाजायचंच असेल तर ड्रॉपरने चोचीच्या कडेला एक थेंब लावा. ती चोच हलवून स्वतः गिळेल, मग दुसरा थेंब. दहा मिनिटं लागतील, लागू द्या. आजारी कोंबडी रोगाने मरायच्या आधी बऱ्याचदा तहानेने मरते. धडधाकट कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते आणि आपल्याकडच्या मे महिन्यात त्याच्या दुप्पट. चार दिवस कोपऱ्यात बसलेली कोंबडी किती प्यायली असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

मेडिकलच्या दुकानातली ओआरएसची पुडी चालते, एक लिटर पाण्याला एक. नाहीतर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे दोन दिवस द्या, शेजारी साधं पाणीही ठेवा, आणि उरलेलं द्रावण रोज फेकून नवं करा.

तिला वेगळी करून डाल्याखाली ठेवा, खाली कोरडं पोतं टाका. मोबाइलवर सगळीकडे सांगतात की आजारी कोंबडीला बल्ब लावून ऊब द्या. तो सल्ला डिसेंबर-जानेवारीत बरोबर आहे. आत्ता पारा बेचाळीसवर असताना पत्र्याखाली बल्ब लावाल तर ती उन्हानेच जाईल. कोंबडीचं अंगच मुळात ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं, तिला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकूनच ती उष्णता बाहेर काढते. म्हणून सावली, वारा, आणि डाल्यावर ओलं गोणपाट. माळवदाच्या घरात ओसरी असेल तर त्यासारखी जागा नाही.

आता तिला हातात घ्या. दोन्ही पंख अंगाशी धरून, डोकं तुमच्या काखेकडे, पाय खाली मोकळे. घाई करू नका. पहाटे, दाणा टाकायच्या आधी, गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपा. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. सकाळी दगडासारखी कडक लागली तर आत सुतळी, वाळलं गवत किंवा प्लास्टिक अडकलंय. पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत लागली आणि तोंडाला आंबूस वास आला तर दाणा आत आंबलाय. तुमच्या कोंबडीची रिकामीच असेल असं वाटतं, पण बघा.

मग छातीचं मधलं हाड. निरोगी कोंबडीत त्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असतं, हाड बोटाला जेमतेम लागतं. ते सुरीच्या पात्यासारखं वर आलं असेल तर आजार चार दिवसांचा नाही, महिन्याचा आहे. कोंबडीने तो लपवला होता. कळपातलं दुबळं जनावर आधी मारलं जातं, म्हणून ती शेवटपर्यंत दाणे टिपल्याचं नाटक करते. जेव्हा आपल्याला ती आजारी दिसते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

विष्ठेबद्दल लोक फार घाबरतात. चांगली विष्ठा तपकिरी गोळी आणि तिच्यावर पांढरी टोपी अशी असते. आठ-दहा वेळांतून एकदा चॉकलेटी, चिकट, घाण वासाची पडते, तीही चांगलीच. हिरवी म्हणजे पोटात अन्न नाही आणि नुसतं पित्त उतरतंय. हिरवी विष्ठा म्हणजे मानमोडी, हे आपल्याकडचं समीकरण अर्धवट आहे. जी कोंबडी खात नाही ती हिरवंच हगेल, मग रोग कोणताही असो. लाल रक्त दिसलं तर मात्र वेगळी गोष्ट. महिना-दीड महिन्याच्या पिल्लांत ती रक्ती हगवण, ओल्या जमिनीवर हमखास होणारी, आणि तिला पाण्यातून द्यायचं स्वतंत्र औषध आहे. दोन वर्षांच्या कोंबडीत ती क्वचित.

आता मानमोडीबद्दल, कारण शेजारणीची भीती अगदीच खोटी नाही. मानमोडी म्हणजे राणीखेत. उत्तराखंडातल्या त्या गावाच्या नावावरून हे नाव पडलं. ती आली की एका कोंबडीवर थांबत नाही. लस नसलेल्या कळपात दोन-चार दिवसांत निम्म्याहून जास्त कोंबड्या आडव्या होतात. तोंड उघडून श्वास घेणं, शिंका, हिरवी-पांढरी हगवण, आणि ज्या वाचतात त्यांतल्या काहींची मान पिळल्यासारखी मुरडते, डोकं पाठीकडे वळतं, दाणा टिपायला जावं तर चोच भलतीकडेच पडते. पंख किंवा पाय लुळा पडतो. तुमच्याकडे चार दिवसांत बाकीच्या सहा कोंबड्या आणि कोंबडा खातात-पितात, मान सरळ आहे. म्हणून मी मानमोडी खाली ठेवतो, पूर्ण काढून टाकत नाही. उद्या-परवा दुसरी बसली, तिसरी बसली, तर माझं मत बदलेल आणि तुम्ही त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. मानमोडीवर औषध नाही, फक्त लस आहे. पिल्लाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात-नाकात थेंबाची लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचायची आरटूबी. लस बर्फातच आणायची, आजारी कळपाला द्यायची नाही. या कोंबड्या सावरल्या की सगळ्यांना टोचून घ्या, वर्षानुवर्षं राहून गेलेलं काम होईल.

मान मुरडणं आणि मान लुळी पडणं यांत फरक करा. मान दोरीसारखी ढिली पडून डोकं जमिनीला टेकत असेल तर विषबाधेकडे बघा. उकिरड्यावर पडलेल्या मेलेल्या जनावरातल्या अळ्या खाऊन असं होतं. तोंडातून लाळ, अंगाला थरथर, डोळ्याची बाहुली बारीक, असं असेल तर फवारणीचं औषध पोटात गेलंय. त्यावर डॉक्टरकडे इंजेक्शन आहे, पण वेळ फार थोडा असतो. मृगाच्या आधी एक गोष्ट लक्षात ठेवा: पेरणीतून उरलेलं लाल-गुलाबी रंग लावलेलं सोयाबीन किंवा ज्वारीचं बियाणं कोंबड्यांना घालू नका, धुऊनसुद्धा नाही. त्यावरच्या बुरशीनाशकाने अंडी कवचाविना, नुसती पापुद्र्याची पडू लागतात. दरवर्षी जूनमध्ये माझ्याकडे हीच तक्रार येते आणि दरवर्षी बियाण्याचं रिकामं पाकीट मी त्यांच्याच कोठ्यात शोधून काढतो.

आता खुराड्याकडे येऊ.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला केज भागातल्या एका वाडीवर बोलावलं होतं. बारा कोंबड्या, महिन्याभरात पाच मेलेल्या, उरलेल्या फिकट, अंडी बंद. भर दुपारी गेलो. कोंबड्या तपासल्या, पिसांत काही सापडलं नाही, खुराड्यात डोकावलो, झाडलेलं, स्वच्छ. मी मानमोडी लिहिली आणि पावडर देऊन आलो. आठवड्याने आणखी तीन गेल्या. पुन्हा गेलो तेव्हा उशीर झाला म्हणून मुक्कामच पडला, आणि त्या घरातल्या म्हाताऱ्या आजी रात्री जेवणानंतर म्हणाल्या, "डाक्टर, दिवसा काय बघता, आत्ता बघा." कंदील घेऊन आम्ही खुराड्यापाशी गेलो. जुन्या दाराच्या फळ्या ठोकून केलेलं खुराडं होतं. फळ्यांच्या सांध्यातून तुरीच्या दाण्याएवढे चपटे किडे ओळीने बाहेर येत होते आणि कोंबड्यांच्या पायांवरून वर चढत होते. एक चिमटीत धरून दाबला तर बोटं रक्ताने लाल झाली. त्या नंतरच्या तीन कोंबड्या माझ्या दिवसाच्या तपासणीमुळे गेल्या असं मी आजही मानतो, आणि तेव्हापासून कोंबड्यांच्या तक्रारीला मी बॅटरी घेऊन, अंधार पडल्यावर जातो.

ही कोंबड्यांची गोचीड. काही गावांत तिला ढेकूणच म्हणतात, कारण वागणं ढेकणासारखं. म्हशीची गोचीड जनावराच्या अंगाला दिवसेंदिवस चिकटून राहते, ही तशी राहत नाही. मोठी गोचीड रात्री येते, अर्धा-पाऊण तास रक्त पिते आणि उजाडायच्या आत फटीत परत जाते. उपाशी असताना तांबूस तपकिरी आणि कागदासारखी चपटी, रक्त प्यायल्यावर पाटीसारखी निळसर करडी आणि फुगलेली. म्हणून दिवसा कोंबडीच्या अंगावर काही सापडत नाही. फक्त तिची बारीक पिल्लं पाच-दहा दिवस अंगाला चिकटून असतात. पंखाखाली, मांडीच्या आतल्या बाजूला, मोहरीच्या काळ्या दाण्यासारखे ठिपके दिसले, फुंकून पिसं बाजूला केली तरी हलले नाहीत, तर तीच. रात्री-बेरात्री कोंबड्या खुराड्यात फडफडतात, पाय झटकतात, आणि शेवटी आत जाणंच सोडतात. तुमच्या कोंबड्या लिंबावर का चढतात, त्याचं हे कारण असू शकतं. तुरा पांढुरका पडणं आणि सगळ्यांची अंडी कमी होणं, हेही रक्त गेल्यानेच होतं.

एकच कोंबडी इतकी आजारी का, बाकीच्या का नाहीत? ही गोचीड रक्त पिण्याबरोबर एक तापही देते. चावल्यावर साधारण आठवडाभरात कोंबडीला जोराचा ताप चढतो, ती गुंगीत बसते, हिरवं हगते, पाणी मागते, तुरा आधी गडद आणि मग फिका पडतो, शेवटी पाय लुळे पडतात. लक्षणं मानमोडीशी इतकी जुळतात की गावात दोन्हींना एकच नाव पडलंय. पण फरक मोठा आहे: मानमोडीवर इलाज नाही, या तापावर पेनिसिलीनचं इंजेक्शन चांगलं लागू पडतं, वेळेत दिलं तर दोन-तीन दिवसांत कोंबडी उठते. म्हणून नेमकं निदान हवं. शेजारच्या दवाखान्यात जाताना डॉक्टरांना "कोंबडी आजारी आहे" एवढंच सांगू नका. "खुराड्यात गोचीड सापडली, चार दिवस गुंगी आहे, कॅप्सूलची पूड पाजली होती" असं तिन्ही सांगा, आणि काडेपेटीत दोन गोचिडी घालून न्या. डोस ते वजनावर ठरवतील. किती दिवस अंडी खायची नाहीत तेही विचारून घ्या. तुमच्या हातची ती कॅप्सूल कोणती होती मला माहीत नाही, म्हणून या कोंबडीची अंडी तूर्त घरात कोणाला देऊ नका, लेकरांना तर नाहीच.

आज रात्री नऊनंतर खुराड्यापाशी जा. बॅटरी एकदम लावा, कारण उजेडाने त्या पळतात. फळ्यांचे सांधे, कोंबड्या बसतात त्या काठीची खालची बाजू, तुराट्यांच्या कुडाला लिंपलेली माती जिथे तडकलीय ती जागा बघा. दिवसा बघायचं असेल तर पातळ चाकू फटीत घालून खरवडा आणि खाली पांढरा कपडा धरा. करड्या साली, काळे वाळके ठिपके आणि चपटे किडे पडले तर प्रश्न सुटला. लिंबाच्या खोडाची सुटलेली सालही उचकटून बघा, कोंबड्या पंधरा दिवस तिथे झोपतायत.

सापडल्या तर कोंबड्यांच्या अंगावर रॉकेल चोळू नका, कातडी भाजते. म्हशीचं गोचिडीचं औषध पाण्यात कालवून कोंबड्या त्यात बुचकळायची पद्धत आपल्याकडे आहे, तीही करू नका. मी त्यात अख्खा कळप गेलेला बघितलाय. वैरी खुराड्यात आहे, मारायचा तिथेच. कोंबड्या आणि भांडी बाहेर काढा. लाकडी खुराडं असेल तर उकळतं पाणी प्रत्येक सांध्यात ओता. लोखंडी जाळी-पत्र्याचं असेल तर स्टोव्हच्या ज्वाळेने सांधे भाजा, पण कडब्याची गंज जवळ नसू द्या. त्यानंतर डॉक्टर सांगतील ते फवारणीचं औषध त्यांनी सांगितलेल्या प्रमाणात फक्त भिंतीला आणि लाकडाला मारा, पूर्ण वाळू द्या, मग फटी चुन्याने किंवा सिमेंटने बुजवा. दोन-तीन आठवड्यांनी हेच सगळं पुन्हा करावं लागतं, कारण अंड्यांतून नवी पिल्लं निघतात. खुराडं महिनाभर रिकामं ठेवून त्या उपाशी मरतील असं समजू नका, मोठी गोचीड वर्षाहून जास्त काळ न खाता राहते. फळी फारच पोखरली असेल तर जाळून टाका. नवीन काठी भिंतीला न टेकता दोन खुंट्यांवर ठेवा आणि खुंटे जुनं तेल भरलेल्या डब्यांत उभे करा. एवढ्या साध्या गोष्टीने वर चढायची वाट बंद होते.

गोचीड सापडलीच नाही, तर बाकी दोन गोष्टी लगेच तपासा. कोंबडी पेंग्विनसारखी ताठ उभी राहून शेपूट खालीवर करत कुंथत असेल तर अंडं अडकलंय. कोमट पाण्याच्या घमेल्यात तिचा मागचा भाग वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, वाटेला गोडेतेल लावा, अंधारात शांत बसू द्या. आतलं अंडं फोडायचा प्रयत्न करू नका, कवचाने आतून चिरते. आणि पोट पाण्याच्या पिशवीसारखं लोंबत असेल तर बलक आत सांडून सडलेला असतो, त्यातून फार कमी कोंबड्या वाचतात. हे तुम्हाला खोटा धीर देण्यापेक्षा सांगितलेलं बरं.

खुडूक बसलेली कोंबडी आजारी समजून आणणारेही बरेच येतात. खुडूक कोंबडी हात लावला की गुरगुरते, फुगते, टोचायला धावते, तुरा लाल असतो. तुमची तशी नाही, ती मिटून बसलीय.

एक गोष्ट मात्र अजिबात लांबवायची नाही. एका दिवसात तीन-चार कोंबड्या पटकन मेल्या, तुरा निळा-जांभळा पडला, डोकं सुजलं किंवा आसपास कावळे मरून पडलेले दिसले, तर हात लावू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, १९६२ वर फोन करा. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला, जानेवारी २०२५ मध्ये उदगिरात कावळ्यांत. हा रोग आपल्या दारापर्यंत येऊन गेलाय. तुमच्या वर्णनात त्याची खूण दिसत नाही, पण तुमच्याजवळ फोन नंबर असू द्या.

आजारी दिसली की कापून खायची किंवा आठवडी बाजारात विकून टाकायची, हे अजून सगळीकडे चालतं. पैशाची नड मला समजते. पण बाजारातून एका दुपारी रोग वीस गावांत पोचतो, आणि तुमच्याकडचा रोगही बहुतेक तसाच आला असेल. खुराड्याला लागलेल्या फळ्या किंवा नवी कोंबडी तुम्ही गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठून आणली होती का, ते आठवा. इथून पुढे आणलेली कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवा. ही कोंबडी वाचली नाही तर नाल्यात टाकू नका. लगेच दोन पिशव्यांत बांधून बर्फात ठेवा, गोठवू नका, आणि त्याच दिवशी परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, नाहीतर जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात शवविच्छेदनाला न्या. मेलेल्या एका कोंबडीवरून उरलेल्या सात पक्ष्यांचं नेमकं कळतं. नेणं जमत नसेल तर खोल खड्डा, वरून चुना.

खायला चार-पाच दिवस उकडलेलं अंडं कुस्करून, ज्वारीच्या कण्या भिजवून, मेथी किंवा शेवग्याचा पाला बारीक चिरून द्या. ऑक्टोबरच्या पावसात भिजलेली, बुरशी आलेली मका कोठ्यात उरली असेल तर ती फेकून द्या, लिव्हर खराब करते. रक्त भरून तुरा पुन्हा लाल व्हायला तीन आठवडे तरी लागतात, अंडी त्याच्याही नंतर. मधल्या काळात अंडी देणाऱ्या बाकीच्या कोंबड्यांना शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, प्रत्येक अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं.

खुराडं दुसऱ्यांदा भाजून होईपर्यंत कोंबड्यांना हाकलून आत कोंडू नका. सालीत गोचीड नसेल तर लिंबावरच झोपू द्या, बुंध्याला पत्र्याचा पट्टा गुंडाळा म्हणजे मांजर वर चढणार नाही. आणि आज रात्री बॅटरीच्या उजेडात फटींतून काय निघालं ते मला उद्या सकाळी कळवा, दवाखाना उघडायच्या आत.